चुका आणि छर्रे

सत्तरी उलटलेल्या माणसाने रिकाम्या वेळाचे काय करावे, याविषयी आमच्या घरात दोन मते आहेत. माझ्या मते त्याने काही तरी उद्योग करावा. आमच्या सौ.च्या मते त्याने स्वस्थ बसावे. "तुम्ही स्वस्थ बसलात की घरातली एखादी वस्तू तरी धड राहते," असे ती म्हणते, आणि त्यात तथ्य नाही असे मला शपथेवर सांगता येणार नाही.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात राहतो. १९७१ साली मी सातारहून इकडे आलो, विजेचा इंजिनियर म्हणून चाळीस वर्षे नोकरी केली आणि निवृत्त झालो. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारचे म्हातारे गृहस्थ घर विकून मुलीकडे राहायला निघाले. त्यांच्या तळघरात एक जुने पिनबॉलचे यंत्र होते. ते कोणी न्यायला तयार नव्हते, म्हणून त्यांनी मला विचारले. सौ.ने डोळ्यांनी 'नाही' म्हणून सांगितले. पण ते मला नेमके उशिरा दिसले.

पिनबॉल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोटाच्या उंचीवर चार पायांवर उभे केलेले एक लांबट लाकडी खोके. सुमारे चार फूट लांब, पावणेदोन फूट रुंद. वर काच. काचेखाली उतरती रंगीत फळी. खोक्याच्या मागच्या टोकाला एक उभी पेटी, तिच्यावर चित्र आणि आकडे. उजव्या हाताची दांडी ओढून सोडली की स्प्रिंगच्या जोराने एक पोलादी गोळा वर जातो आणि रबरांवर, टोप्यांवर आपटत, घंटा वाजवत, आकडे वाढवत खाली येतो. तळाशी दोन छोटे पंख असतात; खोक्याच्या दोन्ही बाजूंच्या बटणांनी ते हलवायचे आणि गोळा पुन्हा वर धाडायचा. गोळा पंखांमधून खाली गेला की गेला. एवढाच खेळ. पण या एवढ्याशा खेळावर न्यूयॉर्क शहराने १९४२ ते १९७६ बंदी घातली होती, कारण तो जुगार आहे असे तिथल्या मेयरसाहेबांचे ठाम मत होते. हातोड्यांनी यंत्रे फोडतानाचे त्यांचे फोटो आजही पाहायला मिळतात. शिकागोची गंमत तर याहून मोठी. जगातली बहुतेक पिनबॉल यंत्रे या शहरात तयार होत, आणि या शहरातच ती खेळायला कित्येक वर्षे मनाई होती!

माझ्या वाट्याला आलेले यंत्र गॉटलीब कंपनीचे, १९६० नंतरच्या पाचसात वर्षांतले. कंपनीचा कारखाना त्या काळी इथेच कॉस्टनर अ‍ॅव्हेन्यूवर होता. म्हणजे बिचारे साठ वर्षांत तीस-चाळीस मैलांपलीकडे गेलेले नाही. आत एकही ट्रान्झिस्टर नाही. सगळा कारभार रिले, गुंडाळ्या, दट्टे आणि एक संथ फिरणारी मोटर यांचा. मागचे झाकण उघडले तेव्हा मला माझ्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेचा वास आला. विजेचे काम मी दोन महिन्यांत उरकले. संपर्क घासले, तुटलेल्या तारा जोडल्या, एक जळकी गुंडाळी बदलली. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

अडले ते खोक्यापाशी.

शेजाऱ्यांच्या तळघरात कधी तरी पाणी शिरले होते. खोक्याचा खालचा वीतभर भाग फुगला होता. प्लायवुडचे पापुद्रे सुटून वहीच्या पानांसारखे झाले होते. मागचा एक कोपरा उघडला होता, आणि त्या कोपऱ्यातला पाय दाताच्या डॉक्टरकडे जायला निघालेल्या दाढेसारखा हलत होता. वरचा रंग, म्हणजे पांढऱ्यावर निळे आणि लाल तिरपे पट्टे, जागोजाग पोपडे होऊन सुटला होता. विजेचे मला कळते. लाकडाचे कळत नाही. लाकडाचे कळणारा आमच्या घरात एकच माणूस: दादा.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा तो नुकता मॅट्रिक झाला होता. तो कचेरीत कारकून म्हणून लागला आणि त्या पगारात माझे शिक्षण झाले. हे वाक्य मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितले आहे, की त्याचा अर्थ मला लागेनासा झाला आहे. खरे म्हणजे दादाला सुतारकामाची विलक्षण आवड. आमच्या वाड्याच्या तोंडाशी एका सुताराचे दुकान होते. सुटीच्या दिवशी दादा तिथे बसे, रंधा मारून देई, आणि मजुरी म्हणून लाकडाचे तुकडे घरी आणी. त्या तुकड्यांतून आईची पोळपाट-घडवंची झाली, देवघर झाले, आणि १९५७ च्या मे महिन्यात माझ्यासाठी एक बॅगाटेल झाले.

बॅगाटेल आता दुकानांत फारसे दिसत नाही. देवदारी खोक्याच्या फळ्या जोडून दादाने तळ केला. कडेला सागवानी पट्ट्या. वरचा अर्धगोल करायला बांबूची कामटी दोन दिवस हौदात भिजत ठेवली आणि विस्तवावर धरून हळूहळू वाकवली. मग पेन्सिलीने वर्तुळे काढून त्यांवर चुका ठोकल्या. चांभार वापरतात तसल्या बारीक चुका. प्रत्येक सारख्या उंचीची. वाकडी गेली की उपटायची आणि पुन्हा मारायची. छर्रे सायकलच्या दुकानातले, जुन्या बेअरिंगमधून निघालेले. पन्नास, शंभर, दोनशे असे आकडे त्याने लाल रंगाने घातले होते, आणि अगदी मधल्या घरात, जिथे छर्रा सहसा जात नसे, हजार. त्या सुटीत आळीतली सगळी मुले आमच्या ओसरीवर पडीक असत. छर्रा चुकांवरून टिणटिणत खाली येताना सगळे श्वास रोखत. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तर मी दादाला फोन लावला. हल्ली फोनवर तोंडे दिसतात, ही मोठी सोय. रविवारी माझी सकाळ आणि त्याची दिवेलागण. पुतण्या फोन उशीला टेकवून देतो आणि दादा समोर बसतो. मी कॅमेरा फिरवून त्याला खोके दाखवले. पापुद्रे पाहून तो म्हणाला, "हे काय लाकूड आहे होय? हे कागद आहेत." प्लायवुडविषयी त्याचे मत पहिल्यापासून वाईट. मग चष्मा वर करून म्हणाला, "वाजवून दाखव."

"काय वाजवून?"

"अरे, बोटाच्या पेरानं वाजव. खालून वर ये. फोन जवळ धर."

मी वाजवत गेलो. तळाशी आवाज 'भद्' यायचा, वर 'टक्'. दादा तिकडे डोळे मिटून बसला होता. "थांब. इथं खूण कर. आणखी वर… इथपर्यंत सुटलंय." वरून जिथे काही दिसत नव्हते तिथेही पापुद्रा सुटलेला निघाला. खडूच्या रेघेने मी साऱ्या खोक्याचा नकाशा काढला. आठ हजार मैलांवरून, छत्तीसशे कोसांवरून म्हणा, शहाऐंशी वर्षांच्या माणसाने काढलेला तो नकाशा जवळजवळ बिनचूक होता.

पुढचे तीन आठवडे त्याने मला काहीच करू दिले नाही. नुसते सावलीत वाळू द्यायचे. मी केस वाळवायचे यंत्र वापरू का म्हणून विचारले, तर तो हसला. "वापर. म्हणजे वरचा पापुद्रा तडकेल आणि तुला नवं खोकं आणावं लागेल." वाळल्यावर पातळ सुरीने एकेक पापुद्रा उघडायचा, आत सरस सोडायचा, वर मेणकागद, त्यावर सपाट फळी, आणि मग शिकंजे आवळायचे. माझ्याजवळ चार शिकंजे होते. दादा म्हणाला, बारा आण. बारा आणले. सौ.ने पावती पाहिली आणि ती काही बोलली नाही. हे अधिक गंभीर.

उघडलेल्या कोपऱ्यावर मात्र आमचे वाजले. सरस लावून शिकंजा आवळला, गुण्या लावून पाहिला, काटकोन बरोबर होता. दादा म्हणाला, "गुण्या एका कोपऱ्याचं सांगतो. कर्ण मोज." मोजले. दोन कर्णांत पाऊण सेंटिमीटरचा फरक! इंजिनियर मी, आणि आयत दोन्ही कर्णांनी तपासावा हे मला कारकुनाने सांगावे? सरस ओला असतानाच तिरपा शिकंजा लावून, लांब कर्ण दाबत दाबत, दोन्ही सारखे केले. खोके तिरके राहिले असते तर वरची काच खाचेत बसलीच नसती.

खोक्याच्या आत डाव्या बाजूला एक ओळंबा टांगलेला असतो. अगदी गवंड्याचा असतो तसा. फक्त त्याच्याभोवती तांब्या-पितळेची एक कडी असते. कोणी यंत्र हलवून गोळा वळवू लागले की ओळंबा कडीला टेकतो, वीज जाते आणि डाव बाद. दादाला ही युक्ती फार आवडली. "म्हणजे लबाडी पकडायला ओळंबाच लागतो, इथं काय नि तिथं काय," म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला.

रंगाचे काम मी त्याच्या सल्ल्यावाचून केले. अमेरिकेत १९७८ पर्यंत घरगुती रंगांत शिसे चालत असे, म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही. तोंडावर मुखपट्टी, काचकागद पाण्यात बुडवून, ओलाच घासायचा. त्याआधी पट्ट्यांचे आकार जाड कागदावर उतरवून घ्यायचे आणि कापायचे. कारखान्यातही कापलेले साचे ठेवून वरून रंगाचा फवारा मारीत. म्हणून मूळच्या पट्ट्यांच्या कडा किंचित धुरकट असतात. फार काटेकोर कडा काढल्या की यंत्र ओळखू येत नाही. प्रश्न होता मूळ रंग कोणता हा. साठ वर्षांत निळा हिरवट झाला होता आणि लाल विटकरी. शेवटी तो सापडला पायांच्या मागे. लोखंडी पाय खोक्याच्या कोपऱ्यांवर बोल्टांनी आवळलेले असतात. ते काढल्यावर खालची वीतभर जागा ऊन न लागलेली, हात न लागलेली, अशी होती. इतका लखलखीत निळा, की मी सौ.ला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "अगं बाई, हा तर माझ्या त्या नारायणपेठेचा रंग!" तेव्हापासून या उद्योगाला घरात थोडे अभय मिळाले. रंगाच्या दुकानात नमुना म्हणून तीच साडी नेली होती. दुकानदाराने आश्चर्य दाखवले नाही.

एक गोष्ट पुष्कळांना पटणार नाही. दोन्ही बाजूंच्या बटणांच्या मागे, खेळणाऱ्याचे तळहात टेकतात तिथे, रंग घासून लाकूड उघडे पडले होते आणि त्याला तुपकट चकाकी आली होती. या छंदातले जाणकार अशा खुणा जपतात. मी त्या रंगवून टाकल्या. जुन्या खुणांविषयी मला त्यांच्याइतके प्रेम नाही. किंवा असेल, पण ते फार उशिरा येते.

कारण ते बॅगाटेल मी जाळले.

१९८३ साली, बारा वर्षांनी, मी दिवाळीला घरी गेलो होतो. मधल्या खेपा मे महिन्यातल्या. दिवाळी ही पहिलीच. त्याच हिवाळ्यात वाडा सोडायचा होता. माळ्यावरचे सगळे सामान खाली काढून परसात रचले होते. नरकचतुर्दशीला पहाटे चारला मी सगळ्यांच्या आधी उठलो. बंब आज मी पेटवणार, असे आदल्या रात्री मोठ्या ऐटीत जाहीर केले होते ना! जळण दमट होते. धूर व्हायचा आणि विझायचे. मुले उठायला लागली होती. मी परसात गेलो आणि ढिगातून हाताला लागले ते उचलले.

अंधार होता म्हणून ओळखले नाही, असे मी स्वतःला बरीच वर्षे सांगितले. ते खरे नाही. कामटी सुटली होती, चुका गंजल्या होत्या, पण हजाराचा आकडा कंदिलाच्या उजेडात दिसत होता. मी ते गुडघ्यावर मोडले. एका घरात एक छर्रा अडकून बसला होता, तो मात्र काढून खिशात टाकला. का, ते माहीत नाही. देवदार भुरकन पेटला. सागवानी पट्ट्या चांगल्या तासभर जळल्या. पाणी कढत झाले. सगळ्यांची अंघोळ झाली, कारिटे फुटली, फराळ झाला. दादा डोके पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "पाणी आज छान कडक होतं हो." बस्स. बॅगाटेल कुठे आहे हे त्याने तेव्हा विचारले नाही, पुढेही नाही.

गेल्या सप्टेंबरात यंत्र पुरे झाले. रविवारी मी दादाला फोन लावला आणि पहिल्यांदाच खोक्यावर काच बसवून, दिवे लावून, वरून दाखवले. तोवर त्याने नुसते लाकूडच पाहिले होते. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "अरे, हे तर बॅगाटेल!"

आहेच ते. १८७१ साली सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या माणसाने बॅगाटेलला स्प्रिंगची दांडी लावून त्याचे पेटंट घेतले, त्याचाच हा वंश. चुकांच्या जागी पुढे रबरे आणि टोप्या आल्या, खाली १९४७ साली पंख आले. हे सगळे मी त्याला भराभरा सांगत होतो. माणूस एकदा माहिती सांगू लागला की ओळखावे, त्याला दुसरेच काही बोलायचे आहे. बोलता बोलता मी थांबलो.

"दादा, आपलं बॅगाटेल मी बंबात घातलं होतं. त्या दिवाळीला."

"माहीत आहे," दादा म्हणाला.

"माहीत आहे?"

"बंबाची राख कोण काढायचं? तुझ्या वहिनीला भांड्यांना लागायची, म्हणून मी चाळत होतो. चाळणीत चुका राहिल्या. मूठभर निघाल्या."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं त्यात? पाणी तापलं होतं." तो थोडा वेळ गप्प राहिला. "त्यांतल्या चारसहा गणपतीच्या मखराला मारून बघितल्या. पण जळलेली चूक मऊ पडते रे. हातोडी लागली की वाकते. कामाच्या नाहीत. डब्यात आहेत कुठं तरी."

मला पुढे काय बोलावे सुचेना. तोच म्हणाला, "ते ठक् वाजतंय का आता? बघू."

हे ठक् म्हणजे पिनबॉलचा मोठा मान आहे. ठरलेले गुण झाले, की खेळणाऱ्याला एक डाव फुकट मिळतो, आणि त्याची वर्दी द्यायला खोक्याच्या आतला एक लोखंडी दट्टा विजेच्या झटक्याने सुटून लाकडावर आदळतो. घंटा नाही, भोंगा नाही. नुसता लाकडाचा आवाज. आख्ख्या उपाहारगृहात तो ऐकू जाई म्हणतात. खोके फुगलेले होते तेव्हा तो 'फद्' असा यायचा, भिजलेल्या फटाक्यासारखा. मी आतली तार हाताने जोडली.

ठक्!

"पुन्हा," दादा म्हणाला. डोळे मिटलेले.

ठक्!

"कोपरा धरलाय," तो म्हणाला. "चांगला धरलाय. आता पाणी लागू देऊ नको."

मग मी त्याला म्हटले, थांब, तुला एक दाखवतो. टेबलाच्या खणात काड्यापेटीत तो छर्रा होता. बेचाळीस वर्षे आहे. एका हातात यंत्राचा गोळा घेतला. सत्तावीस मिलिमीटरचा, ऐंशी ग्रॅमचा, आरशासारखा. दुसऱ्या हाताच्या चिमटीत छर्रा, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, काळवंडलेला. फोन यंत्राच्या काचेवर आडवा ठेवून मी दोन्ही हात त्याच्यावर धरायला गेलो आणि छर्रा चिमटीतून निसटला. तळघराची फरशी सिमेंटची. टिण्, टिण्, टिण् करत तो यंत्राखाली कुठे तरी गेला.

मी गुडघ्यांवर बसलो. या वयात बसणे एक वेळ जमते. सौ. आवाज ऐकून बॅटरी घेऊन खाली आली, आणि का कोण जाणे, काही न विचारता तीही पदर खोचून शेजारी वाकली. वर काचेवर फोन तसाच पडलेला होता. दादाला तिकडे आमच्या तळघराच्या छताशिवाय काही दिसत नसणार.

"काय पडलं रे?" तो विचारत होता. "छर्रा होता ना? आवाजावरून कळलं मला. डावीकडं गेलाय तो, भिंतीकडं. सापडला का?"